"मुलांना काही होत नाही" म्हणणाऱ्यांसाठी

बॅकहँड
काल एका पालकांची पोस्ट वाचली. "कोविडमध्ये मुलांच्या स्पर्धा बंद ठेवणं हा शुद्ध भित्रेपणा होता. मुलांना काही होत नाही. पुन्हा साथ आली तर एकही स्पर्धा रद्द होता कामा नये." खाली नुसती वाहवा. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहिते.

मुलांमध्ये आजार सहसा सौम्य होता, मान्य. पण स्पर्धा संपली की मूल घरीच येतं ना? डिसेंबर २०२० मध्ये फ्लोरिडात शाळकरी मुलांच्या कुस्तीच्या दोन स्पर्धा झाल्या. खेळाडू, प्रशिक्षक, पंच मिळून १३० जण. चाचणी झाली फक्त ५४ जणांची, त्यात ३८ बाधित. पुढे त्यांच्या संपर्कातली एक प्रौढ व्यक्ती दगावली. ती काही मॅटवर उतरली नव्हती.

मी स्वतः दोन लाटांच्या मधल्या काळात बॅडमिंटनच्या एका स्पर्धेत गुण लिहायला बसले होते. वाऱ्याने शटल वाहू नये म्हणून दारं-खिडक्या बंद, पंखेही बंद. कोर्टाकडेला पालक दाटीवाटीने उभे, आणि ओरडायचं झालं की मास्क हनुवटीवर. तिसऱ्या दिवशी माझ्या शेजारी बसणारी मुलगी आलीच नाही. आठवड्याने तिची आजी अतिदक्षता विभागात होती. संसर्ग तिथेच झाला असं मी म्हणत नाही. पण ती दुपार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

डावखुरा
ती पोस्ट माझी नाही, पण शब्दन् शब्द पटतो. कुस्तीत अंगाला अंग भिडतं. त्या एका उदाहरणावर सगळ्या खेळांना कुलूप लावायचं?

माझा मुलगा तेव्हा पंधरा वर्षांखालच्या गटात होता, शेवटचं वर्ष. रॅकेटची ग्रिप रोज बदलायचा. खेळत नव्हता, नुसती बदलायचा. पुढे तेही थांबलं. खोलीचं दार बंद, जेवायला हाक मारली तरी उत्तर नाही. याचा आकडा कुठल्या अहवालात धरलात?

शिट्टी
पंचगिरी करतो म्हणून सांगतो, सामना हा स्पर्धेचा सगळ्यात छोटा भाग असतो. बारा-चौदा तास मुलं बसमध्ये, एका खोलीत सहा-सहा जण, कपडे बदलायच्या खोलीत. मोकळ्या मैदानावरचा सराव आणि बाहेरगावची निवासी स्पर्धा यांना एकाच तराजूत घालू नका. बंदी घालणाऱ्यांनीही तीच चूक केली.

डावखुरा
तेच तर! आणि वयोगटाचं काय? साथ संपली, तोवर पोरगं वरच्या गटात. ज्यांच्याशी कधी खेळला नाही अशा दोन वर्षांनी मोठ्या मुलांसमोर उभा. टोकियो ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं तेव्हा पुरुष फुटबॉलची २३ची वयोमर्यादा २४ केलीच ना? मोठ्यांसाठी जमतं, आमच्या पोरांसाठी कुणालाच सुचलं नाही.

तिसरा_सेट
वयोगटाच्या याच धास्तीने मुलं ताप लपवतात. दारात थर्मल गन असायची आणि आधी तापाची गोळी घेऊन आत शिरणारी मुलं मी पाहिली आहेत. एकाची आईच गोळी हातावर ठेवत होती. तुम्ही पालक आहात की मुलांचे मॅनेजर?

डावखुरा
जपून बोला. माझ्या घरात असलं काही झालेलं नाही. तुमचं मूल निवडचाचणीच्या दारात उभं राहिलंय का कधी?

तिसरा_सेट
राहिलंय. १०१ ताप होता, परत आणलं. वर्षभर माझ्याशी धड बोललं नाही. त्यामुळे मला हे शिकवू नका.

बॅकहँड
धागा वयोगटावर गेलाय, पण मुद्दा खरा आहे. मर्यादा वर्षभराने वाढवली असती तर निम्मी मुलं स्वतःहून घरी थांबली असती.

नाडीपरीक्षा
फिजिओ आहे. "काही होत नाही" याबद्दल एवढंच: अमेरिकेत १,५९७ विद्यापीठीय खेळाडूंचा संसर्गानंतर हृदयाचा एमआरआय केला. ३७ जणांत हृदयस्नायूला सूज सापडली, बहुतेकांना लक्षणं नव्हती. म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. थोडेच, पण असं हृदय घेऊन जोरात पळणं जिवावर बेतू शकतं. हे खेळाडू शाळकरी मुलांपेक्षा मोठे होते, हेही ध्यानात ठेवा. माझ्याकडे येणारी मुलं ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी मैदानात जायला बघायची. मला भीती स्पर्धेपेक्षा त्या घाईची वाटायची.

डावखुरा
आकडा तुम्हीच थोडा म्हणताय.

नाडीपरीक्षा
थोडा म्हणजे शून्य नव्हे. तुमच्या पोस्टकर्त्याने शून्य म्हटलंय.

डावखुरा
बरं. "काही होत नाही" हे शब्द चुकीचे, सोडले. बंद हॉलमधल्या, मुक्कामाच्या स्पर्धा लाटेत नकोत, हेही ठीक. पण उघड्यावरचा सराव महिनोन्‌महिने बंद ठेवला, ते मी मरेपर्यंत मान्य करणार नाही.

बॅकहँड
सराव बंद ठेवा असं मी एका अक्षरानेही म्हटलेलं नाही. वर जाऊन परत वाचा.

डावखुरा
वाचलं. म्हटलेलं नाहीत.

तिसरा_सेट, काल रात्री मुलाला विचारलं. आता एकोणीस वर्षांचा आहे. म्हणाला, "बाबा, दोनदा घेतली होती गोळी." मला माहीत नव्हतं. दोन्ही वेळी गाडीत माझी आई सोबत होती.