लेकीला फक्त मुलींच्या शाळेत घालावं का? (पुणे)

पर्वतीची आई:
लेक चौथीत आहे, पाचवीला शाळा बदलायचीये. एक ऑप्शन म्हणजे पेठेतली फक्त मुलींची शाळा, खाजगी, विनाअनुदानित, फी वर्षाला ऐंशी हजार आणि बसचे वेगळे. दुसरी घराजवळ, मुलंमुली एकत्र. सासूबाई म्हणतात मुलींचीच बरी, नवरा म्हणतो कुठल्या जमान्यात आहात. कुणाला अनुभव?

शनिवारातली:
मी हुजूरपागेची, म्हणजे बायस्ड आहे हे आधीच सांगते. पेशव्यांच्या पागेच्या जागेवर रानडे-भांडारकरांनी १८८४ ला शाळा काढली तेव्हा तिथला अभ्यासक्रम मुलींसाठी फारच पुढारलेला म्हणून टिळकांनी केसरीतून सडकून टीका केली होती, त्यामुळे मुलींची शाळा म्हणजे जुनाट हे मला पटतच नाही. आमच्याकडे गॅदरिंगला बाकं उचलायची तर आम्हीच उचलायचो, स्टेजच्या वायरी आम्हीच ओढायचो, कारण "जा रे जरा ते आण" म्हणायला मुलगे नव्हतेच ना! माझ्या भाचीच्या को-एड शाळेत मुली रांगोळी आणि स्वागतगीत, साउंड सिस्टिम मुलांकडे. आता बोला.

दोन मुलींचा बाप:
ताई, १८८४ मध्ये वेगळी शाळा लागत होती कारण मुलांबरोबर मुलीला पाठवायला घरचे तयारच नव्हते. आज काय कारण? माझी थोरली दहावीपर्यंत मुलींच्याच शाळेत होती (नाव घेत नाही). अकरावीला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला पार्टनर मुलगा आला तर दोन महिने सगळी रीडिंग्ज त्यानेच घेतली, ही नुसती वहीत उतरवून घ्यायची. हुशार पोरगी हो! "बाबा, बोलायचं काय ते सुचतच नाही" म्हणाली. धाकटीला सरळ एकत्र शाळेत घातली, ती भावाशी भांडावं तशी वर्गातल्या पोरांशी भांडते. बाकं उचलायला को-एडमध्येही शिकवता येतं, मास्तरांनी मनावर घेतलं तर.

शनिवारातली:
"मनावर घेतलं तर" इथेच तर गाडी अडते. आणि रीडिंग त्याने घेतली ही मुलींच्या शाळेची चूक कशी? त्या पोराला घरात-शाळेत काय शिकवलं ते पण बघा की.

दोन मुलींचा बाप:
अगदी मान्य, पण तो पोरगा बदलेपर्यंत माझ्या पोरीची बारावी होते त्याचं काय.

सिंहगड रोडवाली:
तुमचं भांडण चालू द्या, मी वेगळंच सांगते. पर्वतीहून पेठेत सकाळी बस पकडायची म्हणजे मुलगी सहाला उठणार. त्या बसमध्ये अटेंडंट बाई असते का हे विचारा, नियम आहे तो, तरी खूप ठिकाणी नुसता क्लीनर असतो. आणि फी आज ऐंशी आहे, आठवीत किती? विनाअनुदानित शाळेलाही फी वाढवायची तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते, २०११ चा कायदा आहे, तर त्या समितीतल्या एखाद्या पालकाला गाठून बोला, ऑफिसातल्या मॅडमना नको. गावात चांगल्या अनुदानित मुलींच्या शाळा असताना ऐंशी हजार नक्की कशाचे, हेही विचारा, एसी वर्गाचे असतील तर राहू द्या.

आणि शाळा बघायला जाल तेव्हा मुलींच्या बाथरूममध्ये स्वतः जाऊन या. आम्ही एका चकाचक शाळेत गेलो होतो, रिसेप्शनला कारंजं आणि बाथरूमच्या पाचपैकी तीन दारांना कडीच नाही, पोरी एकमेकींसाठी बाहेर दार धरून उभ्या. पाणी प्यायचंच टाळतात मग दिवसभर.

पर्वतीची आई:
बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी नुसती लायब्ररी आणि ग्राउंड बघून आले. लेकीला विचारलं तर म्हणे, "कबड्डी कुठे आहे तिथे जाते." पेठेतल्या शाळेत कबड्डी आहे, घराजवळच्या शाळेत मुलींची टीमच नाहीये! शनिवारी परत जातेय, मधल्या सुट्टीत.

दोन मुलींचा बाप:
मुलींची टीम का नाही ते त्या को-एडवाल्यांना विचारून याच. माझ्याच बाजूच्या शाळेने नाक कापलं राव. आणि कड्या दोन्हीकडच्या बघा.