पाटोच्या लायब्ररीत चित्रांची पुस्तकं मिळाली, आता वाचायची कशी?

पावसात पोराला कुठे न्यायचं म्हणून काल पणजीत पाटोला सेंट्रल लायब्ररीत गेलो, मला वाटायचं तिथे फक्त स्पर्धा परीक्षावाले बसतात, पण मुलांचा सेक्शन बघून मीच खाली बसकण मारली 😄 मुलगा ४ वर्षांचा, घरी कोकणी बोलतो आम्ही. मराठी पुस्तक जसंच्या तसं वाचू की कोकणीत सांगू?

वाचनवेडी: दोन्ही करा. आधी नुसती चित्रं बघू दे, बोट ठेवून विचारेल तेच सांगा. माझी लेक तर चित्रातल्या कोपऱ्यातलं मांजरच शोधत बसायची, गोष्ट राहिली बाजूला. ज्योत्स्ना प्रकाशन आणि तुलिकाची पुस्तकं दिसली तर जरूर उचला.

म्हापशेकार: १८३२ ची लायब्ररी आहे ती, पोर्तुगीजांच्या काळातली, आणि आपण आता जातोय! घरी वाचायला स्टोरीवीव्हर ही वेबसाइट बघा, प्रथम बुक्सची, फुकट आहे, मराठी कोकणी दोन्ही मिळतं. पण मोबाइल हातात दिला की पुस्तक विसरतात, हा आमचा अनुभव.

प्रश्नकर्ता: थँक्यू! काल एकच पुस्तक पाच वेळा वाचून घेतलं त्याने, शेवटी मीच झोपलो.