ऑडिट ट्रेलमध्ये बदल दिसतो, पण जुनी रक्कम दिसत नाही – मदत हवी आहे

बँकेचा ताळमेळ घालताना एक पेमेंट व्हाउचर अडलंय. बँकेतून ४८,५०० गेले, पुस्तकात ४५,८०० आहेत. फरक २,७०० आणि त्याला ९ ने भाग जातो (दोन अंकांची अदलाबदल झाली की असं होतं), म्हणजे आकडे उलटसुलट पडले असावेत. पण मूळ नोंद बरोबर होती: बॅकअप सॉफ्टवेअरमध्येच वेगळ्या कंपनीत (म्हणजे स्वतंत्र खातेवहीत) रिस्टोअर करून पाहिला, तिथे ४८,५०० च आहेत. बदल नंतर झालाय.

ऑडिट ट्रेल (कोणी, कधी, काय बदललं याची सॉफ्टवेअरमधली नोंद) पहिल्यापासून चालू आहे. त्यात 'ऑल्टर्ड' (बदललं), यूजर 'अ‍ॅडमिन' आणि रात्री ११:४७ ची वेळ एवढंच दिसतं. जुनी-नवी रक्कम नाही. सर्व्हरचा टाइमझोन तपासला, वेळ बरोबर आहे. त्याच रात्री एक्सेलमधून व्हाउचर इम्पोर्ट झाले होते आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड तिघांकडे होता. (आता प्रत्येकाला वेगळा लॉगिन दिलाय, हे आधीच करायला हवं होतं.)

हिशेबाचं सॉफ्टवेअर क्लाउडवर आहे, डेटाबेसला थेट हात लावता येत नाही. उगाच कुणावर आळ यायला नको, म्हणून व्हाउचर अजून दुरुस्त केलेलं नाही.

इम्पोर्टने जुनं व्हाउचर ओव्हरराइट झालं की हाताने बदललं, हे कुठल्या लॉगवरून ठरवता येईल? आणि सेवा देणाऱ्या कंपनीकडे नेमकं काय मागू?