घरात व्यायामाची सायकल घ्यावी का? घेतली तर कोणती?

गोदाकाठचा (नांदेड)
वय ४९, वजन ९१ किलो, उपाशीपोटी साखर १३० च्या आसपास. डॉक्टर म्हणाले रोज घाम काढा, पण उजवा गुडघा कुरकुरतोय, पळू नका. मार्च लागला की सकाळी आठलाच ऊन चटकायलंय, अन् रात्री आमच्या गल्लीत कुत्र्यांचं राज्य. दुकानात तीन सायकली दाखवल्या. हात हलवायची पंख्याची ९,००० ला, चुंबकाची १६,००० ला, अन् जिममध्ये असते तशी जड चाकाची १९,००० ला. दुकानदार तिसरीच गळ्यात मारायला बघतोय. बायको म्हणते, दिवाळीपर्यंत तिच्यावर कुरडया वाळतील. बोला.

ज्वारीची_भाकर
वहिनी बरोबर आहेत. आमच्या गल्लीत चार घरांत अशी सायकल आहे, चालू एक. १६ हजारांत खरी सायकल येते की ओ, वरून दळणही आणता येतं. सकाळी साडेपाचला विष्णुपुरीकडं निघा, धरणावरचं गार वारं खा. भिंतीकडं बघत पेडल मारणं म्हणजे घाण्याचा बैल.

मांजराकाठची (लातूर)
दादा, साडेपाचला निघा हे बाप्यांनी सांगायला ठीक. त्या वेळी मी डबे भरत असते, नळाचा दिवस असला तर हंडे. अंधारात एकटी बाई कुठं सायकल हाकणार? रात्री साडेनऊला ओटा आवरला की अर्धा तास मी माझ्या सायकलवर, दार लावून. तीन वर्षं झाली. घाण्याचा बैल म्हणा खुशाल.

आता मुद्द्याचं. माझी पहिली सायकल पट्टीची होती. चाकावर नमद्याची पट्टी घासते, म्हणून पेडल जड लागतं. वर्षभरात पट्टी झिजली, फरशीवर काळी भुकटी, अन् करकर अशी की सासरे दुसऱ्या खोलीत उठून बसायचे. चुंबकाच्या सायकलीत चुंबक चाकाला शिवतच नाही, नुसता जवळ सरकतो अन् चाक जड होतं. म्हणून आवाज नाही, झीज नाही. हातानं खुंटी फिरवायच्या साध्या मॉडेलला वीजही लागत नाही, स्क्रीनला दोन पेन्सिल सेल. लाईट गेली की ट्रेडमिल उभं, माझी सायकल चालू.

जड चाकाची मात्र घरात लहान मूल असेल तर नकोच. पाय थांबवला तरी चाक पेडलला ओढत राहतं. त्यात बोट गेलं तर?

बालाघाटी
पंख्याच्या सायकलीला सगळे नाव ठेवतात. मे महिन्यात ४२ डिग्रीला पत्र्याखाली बसून बघा, तोंडावर येणारा तो वारा काय चीज आहे ते कळेल. हात, खांदे, पाय सगळं हलतं. जितका जोर लावाल तितकी जड होते, त्यामुळं बापलेक एकाच सायकलवर, काही फिरवाफिरवी नको.

मांजराकाठची (लातूर)
आवाजाचं सांगा की!

बालाघाटी
कडबाकुट्टीसारखा येतो. कबूल.

पीटीचा_मास्तर (अंबाजोगाई)
सायकल कोणतीही घ्या, गुडघा दुखतो तो बहुतेक वेळा सीट खाली असल्यानं. पेडल एकदम खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग पुढचा चवडा ठेवून चालवलं की गुडघ्याला हलका बाक राहतो, तेवढाच हवा. तुमचं वजन ९१, तर १०० किलोची मर्यादा असलेली घेऊ नका, १२० ची बघा.

अन् जोडणीच्या वेळी समोर उभे राहा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. आमच्याकडं आलेल्या पोरानं ते सुलटं पिळून दाबून बसवलं, आटे गेले, नवा दांडा यायला सव्वा महिना. तोवर एका पेडलची सायकल घरात.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. मध्यम म्हणजे किती? बोलता यावं, अभंग म्हणता येऊ नये. स्क्रीनवरच्या कॅलरींवर जाऊ नका. त्या आकड्याच्या भरवशावर एक भाकर जास्त खाणारा माणूस माझ्याच घरात आहे, म्हणजे मीच.

गोदाकाठचा (नांदेड)
सर, एक राहिलंच. आई ७४ ची, नऊवारी नेसते. तिलाही चालवायचीय म्हणते.

मांजराकाठची (लातूर)
उभ्या सायकलवर टांग टाकायला लावू नका हो त्यांना, पदर अन् काठ पेडलमध्ये जातील. पाठ टेकून बसायची, पेडल पुढं असलेली सायकल येते, ती महाग अन् जागा खाते. त्यापेक्षा खुर्चीसमोर ठेवायचं नुसतं पेडल घ्या, दोन-अडीच हजारात. काठ गुडघ्यापर्यंत खोचून बसवा, पहिले चार दिवस जवळ बसा.

गोदाकाठचा (नांदेड)
चुंबकाचीकडं मन झुकलंय. रविवारी जातो. पैसे द्यायच्या आधी पंधरा मिनिटं चालवून बघणार म्हटलं, तर दुकानदार म्हणतो शोकेसच्या मालावर बसता येत नाही.

पीटीचा_मास्तर (अंबाजोगाई)
मग दुकान बदला.

ज्वारीची_भाकर
नाहीतर माझी सायकल न्या. आठ दिवस फुकट. हवा भरलेली आहे, घंटी तेवढी वाजत नाही.