‘आवळणे’ आणि ‘घट्ट बसवणे’: चिनी मातीच्या नॉबच्या निमित्ताने

प्रश्न
खणांना आणि कपाटाच्या दारांना चिनी मातीचे गोल नॉब कसे लावायचे, याचं सूचनापत्रक मराठीत लिहितो आहे. दोन जागी अडलंय. नॉबला काय म्हणावं? आणि ‘नट घट्ट आवळा’ हे पुरेसं आहे का?

प्रतिसाद
मूठ म्हणा की सरळ. धरून ओढायची ती मूठ.

प्रतिसाद
हँडललाही मूठच म्हणतात, मग पत्रकात दोन्ही आले की वाचणारा गोंधळणार. ‘गुंडी’ आकाराला चपखल बसते, पण सदऱ्याची गुंडी आधी आठवते. सुतार नॉबच म्हणतो. पहिल्यांदा ‘गोल मूठ, म्हणजेच नॉब’ असं लिहून पुढे नॉब चालू द्या.

खरी अडचण ‘आवळा’ची आहे. आवळायची ती सुतळी, पट्टा, फास. म्हणजे दबणारी, मुरडणारी वस्तू. शिवाय या शब्दाच्या शेजारी ‘करकचून’ न बोलावता येऊन बसतं. चिनी माती दाब पुष्कळ सोसते, ताण आणि वाक मात्र सोसत नाही. लाकूड जरा जरी उंचसखल असेल तर नॉबचं बूड एकाच काठावर टेकतं, आणि मागून नट ओढत गेलं की तिथून तडा जातो. तेव्हा क्रियापद ‘बसवणे’ घ्या आणि किती ते सांगून टाका: ‘नट बोटांनी फिरेनासा होईपर्यंत फिरवा, मग पान्याने साधारण पाव फेरा. नॉब हलायचा थांबला की थांबा.’ नॉब धरायला पक्कड नको, हातात फडकं घेऊन धरा.

प्रतिसाद
एवढ्यावर ठेवलं तर महिन्याभरात डुगडुगायला लागेल!

प्रतिसाद
लागेल, पण जोर कमी पडला म्हणून नाही. खण ओढताना बोटं नॉबला नकळत पीळ देत राहतात, आणि लाकूडही हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतं-आकसतं. त्यावर उपाय आतल्या बाजूला: स्प्रिंग वॉशर, किंवा आत नायलॉनची कडी असलेला नट, किंवा एका नटावर दुसरा नट चढवून दोन्ही एकमेकांवर कसणे. या दुसऱ्या नटाला ‘चेकनट’ म्हणतात, तोच शब्द राहू द्या. आट्यांवर लावायचा निळा थ्रेडलॉकरही (नट सुटू न देणारा चिकट द्रव) चालतो. तो पुढे साध्या पान्याने सोडवता येतो.

जाता जाता: पत्रकात ‘आटे ढिले झाले’ असं लिहू नका. ढिला होतो तो नट किंवा स्क्रू. आटे ‘जातात’, म्हणजे झिजतात, आणि तसं झालं की नट बदलण्यावाचून गत्यंतर नसतं.

प्रश्नकर्ता
आणि ‘छिद्र’ की ‘भोक’?

प्रतिसाद
भोक. चार मिलिमीटरच्या बोल्टला साडेचारचं भोक पुरतं. फार मोठं पडलं तर नॉब मधोमध राहत नाही, नट कितीही फिरवा. मग त्यात लाकडाची गोल खुंटी सरस लावून ठोकायची आणि नव्याने भोक पाडायचं. ड्रिल पलीकडे निघताना कपच्या उडतात, म्हणून मागे टाकाऊ फळी दाबून धरायला सांगा.

बोल्ट लांब असेल तर आत टोक उरतं आणि कपडे अडकतात. हॅकसॉने, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीने, कापण्याआधी एक नट कापायच्या जागेच्या मागे चढवून ठेवा. कापून झाल्यावर तो बाहेर काढताना टोकाचे बिघडलेले आटे सरळ करत येतो. हे वाक्य पत्रकात हवंच, नाहीतर नट पुन्हा चढतच नाही.

प्रश्नकर्ता
वॉशरसाठी ‘चकती’ लिहिली आहे, सगळीकडे.

प्रतिसाद
सगळीकडे नको. मागची, नटाखालची, ती चकती: धातूची, रुंद, म्हणजे प्लायवूडमध्ये नट रुतत नाही. पुढे नॉब आणि लाकूड यांच्यामध्ये मऊ काहीतरी लागतं, रबर किंवा चामडं, म्हणजे उंचसखल भाग भरून निघतो. त्याला ‘वायसर’ म्हणा. वायसर म्हटलं की नळातला रबरीच डोळ्यांपुढे येतो, आणि इथे हवाय तोच.

प्रतिसाद
छापील पत्रकात वायसर? ‘रबरी वॉशर’ लिहा.

प्रतिसाद
चालेल. ‘रबरी’ मात्र गाळू नका.