ऑस्ट्रेलियातील आदिवासी संस्थेत वित्त अधिकाऱ्याचे काम : माहिती हवी आहे

जमाखर्च :
मी मेलबर्नमध्ये एका खासगी कंपनीच्या लेखाविभागात काम करतो. नॉर्दर्न टेरिटरीतील एका दुर्गम वस्तीतील आदिवासी कॉर्पोरेशनने मला वित्त अधिकाऱ्याच्या पदासाठी मुलाखतीला बोलावले आहे. वस्तीतील किराणा दुकान, कला केंद्र आणि रेंजर पथक (परिसरातील जमीन व निसर्ग यांची देखभाल करणारे) असा तिन्हींचा कारभार ही संस्था पाहते. जीएसटी, पगारपत्रक आणि ताळेबंद यांची मला सवय आहे. परंतु अशा संस्थेचा कायदा कितपत वेगळा असतो आणि बाहेरून आलेल्या हिशेबनिसाकडून तेथील संचालक मंडळाची नेमकी अपेक्षा काय असते, हे जाणकारांनी सांगावे.

दक्षिणवारा :
अशा अनेक संस्थांची नोंदणी सामान्य कंपनी कायद्याखाली नसून २००६ च्या स्वतंत्र कायद्याखाली असते. तो १ जुलै २००७ पासून लागू झाला आणि त्याची अंमलबजावणी ‘ओरिक’ हे निबंधक कार्यालय करते. आर्थिक वर्ष ३० जूनला संपले की वार्षिक सर्वसाधारण सभा पाच महिन्यांत घ्यावी लागते आणि अहवाल ३१ डिसेंबरपर्यंत दाखल करावे लागतात. ओरिकची नोंदवही सर्वांना विनामूल्य पाहता येते, तेव्हा मुलाखतीपूर्वी त्या संस्थेची नियमावली आणि मागील वर्षांचे अहवाल अवश्य वाचा. जाहिरातीत जे लिहिलेले नसते, त्यातले बरेचसे तेथे कळते.

पडताळा :
कायदा शिकता येतो. खरी कसोटी अनुदानांची आहे. रेंजर पथकासाठी आलेला पैसा त्याच कामासाठी बांधील असतो, तो दुकानाच्या शीतगृहाच्या दुरुस्तीवर खर्च करता येत नाही, आणि प्रत्येक अनुदानाचा खर्च ते देणाऱ्या सरकारी खात्याला त्याच्याच नमुन्यात स्वतंत्रपणे दाखवावा लागतो. त्यामुळे बँकेत मोठी शिल्लक दिसत असतानाही संस्थेच्या हातात खर्चायला फारसे काही नाही, अशी स्थिती वारंवार येते. नफातोट्याचे छापील पत्रक संचालकांपुढे ठेवून ही गोष्ट स्पष्ट होत नाही. मी प्रत्येक सभेला एकच पान नेत असे : बांधील रक्कम किती, मोकळी किती, आणि पुढील तीन महिन्यांत कोणती देणी यायची आहेत. त्या पानावर जी चर्चा होई, ती वीस पानी अहवालावर कधी झाली नाही. संचालकांना हिशेब समजत नाहीत, हा समज मात्र मेलबर्नमध्येच ठेवून जा. दुकानातील किमतींबद्दल त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देताना अनुभवी लेखापालाचीही तारांबळ उडते.

दुसरी नाजूक बाब नातेसंबंधांची आहे. लहान वस्तीत संचालक, कर्मचारी, कलाकार आणि पुरवठादार हे बहुधा एकमेकांचे आप्तच असतात. संचालकांना किंवा त्यांच्या निकटच्या नातेवाइकांना आर्थिक लाभ द्यायचा झाल्यास, कायद्यातील अपवाद वगळता, सभासदांची मंजुरी घ्यावी लागते. म्हणून उसनवारीची विनंती आल्यावर स्वतः नकार देत बसण्यापेक्षा मंडळाने आधीच ठरवलेले लेखी धोरण पुढे करणे सर्वांच्याच सोयीचे ठरते; नाहीतर तिजोरीच्या किल्ल्या बाहेरच्या माणसाच्या हाती गेल्याची भावना निर्माण होते, आणि ती अनाठायी म्हणता येत नाही.

दक्षिणवारा :
पडताळा यांच्याशी सहमत आहे, फक्त एकाच पानावर भागत नाही असे मला वाटते. कला केंद्राचे खाते कलाकारनिहाय ठेवावेच लागते : कोणाचे चित्र विकले, केंद्राचा वाटा किती, आगाऊ दिलेली रक्कम किती वळती झाली. हे विचारायला कलाकार स्वतः येतात आणि उत्तर त्याच क्षणी हवे असते.

जमाखर्च :
मनःपूर्वक आभार. एक शंका उरते : वस्तीत कोणाचे निधन झाल्यास सर्व व्यवहार थांबतात असे ऐकले आहे. मग मुदती कशा पाळायच्या?

पडताळा :
अशा वेळी सभा पुढे ढकलली जाते आणि ते योग्यच आहे. अहवालाची मुदत डिसेंबरची असली तरी लेखापरीक्षकाला कागदपत्रे ऑगस्टमध्येच द्यावीत. शिवाय वर्षाखेरीस पावसाळा सुरू होऊन कित्येक रस्ते बंद पडतात. मुदत खरोखरच हुकणार असे दिसले, तर ती संपण्यापूर्वी ओरिककडे वाढीचा अर्ज करता येतो. आणि मुलाखतीत एक गोष्ट जरूर विचारा : वस्तीतीलच कोणाला या पदासाठी तयार करण्याची योजना आहे का, आणि त्या व्यक्तीच्या पगाराची तरतूद कोणत्या अनुदानातून केली आहे?