मदत हवी आहे: माळ्यावरची चकमकीची रायफल कधीची?

माळकर: गावच्या वाड्यात माळ्यावर चकमकीची रायफल सापडलीये, आजोबा म्हणायचे पेशवाईतली. कुणी बनवली, कधी, हे लवकर सांगा ना, पुढच्या आठवड्यात भाऊबंद जमतायत.

गंजलेला_घोडा: फोटो? नळी केवढी? चापाच्या वरच्या लोखंडी पट्टीवर काही शिक्का? आणि नळीत आतून पिळदार खाचा आहेत का, नसतील तर ती रायफल नाहीच, मस्केट. इंग्रजांच्या बेकर रायफलीत सात खाचा आणि नळी 30 इंच.

तात्या_देवरुख: आधी भरलेली आहे का बघा!! नळीत लाकडी काठी सरकवा, तोंडापाशी खूण करा, मग तीच काठी बाहेरून नळीला लावा. बत्तीच्या भोकाच्या बरीच अलीकडे थांबत असेल तर आत बार असू शकतो, मग हात लावू नका. जुनी दारूही पेटते.

सह्याद्रीचा_वारा: चिंच आणि राखेनं घासा, लखलखीत होते. आमची तलवार तशीच केली.

गंजलेला_घोडा: अजिबात घासू नका! शिक्के गेले की ओळखच गेली. मऊ फडकं, थोडं तेल, बस.

बखरवाला: पानिपतावर बहुतेकांकडे तोड्याच्याच, म्हणजे पेटत्या वातीच्या बंदुका होत्या, चकमकीच्या गारद्यांकडे, म्हणजे कवायती पायदळाकडे.

गंजलेला_घोडा: इथे पानिपत कुठून आलं?

शेतकरीदादा: रानडुकरांसाठी ठासणीच्या बंदुकीचं लायसन हवं तर शेतीसंरक्षणाचा अर्ज करा, सातबारा जोडा.

माळकर: लायसन कुणाला हवंय! काठी पार भोकापर्यंत गेली, रिकामी आहे. आत गुळगुळीत, नळी 39 इंच, पट्टीवर मागच्या पायांवर उभा सिंह, हातात मुकुट.

गंजलेला_घोडा: मग ही ईस्ट इंडिया कंपनीची मस्केट, इंडिया पॅटर्न! सिंहाचा शिक्का 1808 पासूनचा, आधी हृदयाच्या आकाराचा असायचा. म्हणजे पेशवाई 1818 ला संपली त्याच्या आसपासची असू शकते, आजोबा अगदीच चुकीचे नव्हते, फक्त माल कंपनीचा. फ्रान्सशी लढाई जुंपल्यावर इंग्रज सरकारनंही हेच मॉडेल कंपनीकडून घेतलं.

सह्याद्रीचा_वारा: किती येतील हो? दुबईत भाचा आहे.

तात्या_देवरुख: बाहेर पाठवायचं नावही काढू नका, शंभर वर्षांवरच्या वस्तूंना 1972 चा पुरावस्तू कायदा लागतो. आणि माळकर, 1959 च्या शस्त्र कायद्यात जुन्या हत्याराला सूट आहे, पण दुरुस्त करूनही चालणार नाही असंच असेल तर. म्हणून घोडा नीट करायला नेऊ नका, आधी पोलीस ठाण्यात विचारा.

माळकर: घोड्याचा चाप तुटलाय, तसाच ठेवतो. पट्टीच्या आतल्या बाजूला पण काहीतरी कोरलंय म्हणतात, ते स्क्रू न काढता दिसेल का?